आवाज कुणाचा?

बोनी एममध्ये बॉबी फॅरेल नेमकं काय करायचा? गाणं सोडून सगळं. छाती उघडी टाकायचा, उंच बूट चढवायचा, अंगात आल्यासारखा मंचभर नाचायचा, हातपाय फेकायचा, डोळे वटारायचा आणि वेळ आली की माइक तोंडाशी नेऊन ओठ हलवायचा. त्या ओठांतून येणारा खर्जातला, घोगरा, जरासा भुताटकीचा आवाज होता फ्रँक फारियन नावाच्या एका गोऱ्या जर्मन गृहस्थाचा. गृहस्थ पडद्यामागे, अरुबा बेटावरचा बॉबी पडद्यापुढे. 'डॅडी कूल'वर ज्यांनी ज्यांनी कंबर हलवली त्यांनी पाहिलं बॉबीला आणि ऐकलं फारियनला. हिशोब वेगळा मांडायची गरज कुणालाच वाटली नाही.

चार चेहऱ्यांपैकी मेझी विल्यम्सचा आवाजही त्या गाजलेल्या रेकॉर्डांवर नाही. म्हणजे मंचावर माणसं चार, रेकॉर्डवर मुख्य आवाज तीन आणि दोन्ही याद्यांत सामाईक नावं फक्त दोन, लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट. आपल्याकडे शाळांची पटपडताळणी करणाऱ्यांनाही घेरी यावी असा हजेरीपट!

आणि हे काही फार काळ गुपितही नव्हतं. फारियननं स्वतःच सांगून टाकलं होतं. जग म्हणालं, बरं, पुढचं गाणं लावा.

फारियन हे नावही खरं नव्हे. जन्म १९४१चा, गाव किर्न, मूळ नाव फ्रान्झ रॉयटर. शिक्षण आचाऱ्याचं. पोटात मात्र अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं संगीत, त्यामुळे तरुणपणी बँड काढला तोही त्यांची गाणी म्हणण्यासाठी. पुढे १९७५ मध्ये एकट्यानं स्टुडिओत बसून 'बेबी डू यू वॉना बम्प' नावाची चीज बनवली. खर्जातला आवाज त्याचा आणि वरचा बायकी आवाजही त्याचाच. गाण्याचा सांगाडा जमैकाच्या प्रिन्स बस्टरच्या 'अल कपोन'वरून उचललेला. आता यावर स्वतःचं नाव कसं छापायचं? म्हणून टीव्हीवर पाहिलेल्या एका ऑस्ट्रेलियन डिटेक्टिव्ह मालिकेचं 'बोनी' हे नाव घेतलं, पुढे एक 'एम' चिकटवला आणि झाला बँड. बँडमध्ये माणूस एकच होता, ही किरकोळ बाब.

या मालिकेतली गंमत तर आणखी वरची. तिचा नायक अर्धा आदिवासी ऑस्ट्रेलियन आणि ती भूमिका करणारा नट न्यूझीलंडचा गोरा, चेहऱ्याला रंग फासलेला. म्हणजे ज्या बँडमध्ये गोऱ्याच्या आवाजाला काळा चेहरा मिळायचा होता, त्याचं नाव आलं कुठून, तर गोऱ्या नटाला काळा रंग लावलेल्या पात्रावरून! अशा गोष्टी ठरवून होत नसतात, आपोआप जुळून येतात.

रेकॉर्ड हॉलंड-बेल्जियममध्ये चालली, टीव्हीवाले बोलवायला लागले आणि फारियनची पंचाईत झाली. टीव्हीवर माणसं लागतात. मग माणसं गोळा केली. काही आली, काही गेली आणि १९७६ पर्यंत चौघांचा संच पक्का झाला. लिझ आणि मार्शिया मूळच्या जमैकाच्या, मेझी मॉन्टसेरातची, बॉबी अरुबाचा. चौघंही कॅरिबियन, कंपनी जर्मन, भाषा इंग्रजी. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीची 'इंग्लिश गाणी' म्हणजे बोनी एम आणि ॲबा. एक दुकान जर्मनीतलं, दुसरं स्वीडनमधलं. इंग्लंडचा संबंध एवढाच, की तिथलं गिऱ्हाईक मोठं होतं.

त्याच १९७६ साली फारियननं स्वतःच्या नावानं 'रॉकी' नावाचं एक रडकं जर्मन गाणं म्हटलं आणि ते जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेही अमेरिकन गाण्याचं जर्मन रूपच. एकाच वर्षी हा माणूस एका नावानं लोकांना रडवत होता आणि दुसऱ्याच्या तोंडानं नाचवत होता.

आता गाण्यांकडे या. बोनी एमची स्वतःची म्हणावीत अशी गाणी आहेत, नाही असं नाही. पण कोणतीही रेकॉर्ड उचला, निम्मा माल बाहेरचा निघतो. 'सनी' बॉबी हेबचं. 'पेंटर मॅन' द क्रिएशन या इंग्लिश बँडचं. 'हार्ट ऑफ गोल्ड' नील यंगचं, 'किंग ऑफ द रोड' रॉजर मिलरचं. 'मा बेकर'ची चाल ट्युनिशियातल्या लोकगीतावरून आलेली. 'रासपुतिन' एका जुन्या तुर्की गाण्याशी इतकं जुळतं की इस्तंबूलच्या माणसाला ते परदेशी वाटत नसावं. 'गॉटा गो होम' हे एका जर्मन गाण्याचं नवं रूप आणि त्याचाच तुकडा उचलून २०१० मध्ये डक सॉस या जोडीनं 'बार्बरा स्ट्रायसँड' काढलं. उसनवारीवर उसनवारी. मूळ सावकार कोण, हे आता चित्रगुप्तालाच विचारावं.

यावर नाक मुरडायची प्रथा आहे आणि मी ती पाळणार नाही. कव्हर करणं हा गुन्हा नव्हे. संगीतात कोण कुणाचं गात नाही? घराण्यातली बंदिश प्रत्येक गवई आपली म्हणूनच गातो आणि आपण माना डोलावतो. फारियनचं कौशल्य खरं होतं. पायाला कळेल असा ठोक ताल, वर व्हायोलिनांची झालर, त्याच दोन-तीन गळ्यांचे थरावर थर चढवून उभा केलेला जमाव आणि या सगळ्याच्या मधोमध लिझ मिचेलचा तो स्वच्छ, चर्चमध्ये वाढलेला वाटावा असा आवाज. लिझला काढून टाका, बोनी एममध्ये फक्त बूट उरतात.

चमत्कार आहे तो कच्च्या मालाच्या निवडीत. या माणसानं दुःखी गाणी हुडकून हुडकून नाचायला लावली. 'सनी' बॉबी हेबच्या हातून उतरलं तो काळ त्याच्या भावाच्या खुनानंतरचा. १९६३चा नोव्हेंबर, केनेडींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलमध्ये भावाला भोसकलं गेलं. त्या अंधारातून निघालेलं आशेचं गाणं पुढे जर्मन डिस्कोत फिरत्या गोळ्याखाली वाजलं. 'बेलफास्ट' तर विचारूच नका. उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब फुटताहेत, गाणं लिहिणारा जर्मन, गाणारी जमैकाची, ऐकणारे बोटं वाजवताहेत.

सगळ्यांत वरचढ अर्थातच 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'. मूळ मजकूर बायबलमधला. मराठी बायबलमध्ये स्तोत्रसंहिता उघडून १३७वं स्तोत्र काढा. यरुशलेम पडलंय, ज्यू लोकांना पकडून बॅबिलॉनला नेलंय, नदीकाठी बसून ते रडताहेत आणि पकडणारे त्यांना सांगताहेत की जरा गाणं म्हणून दाखवा. परक्या मुलखात, जेत्यांच्या करमणुकीसाठी गायचं कसं, हा त्या स्तोत्राचा सवाल. १९७० मध्ये जमैकातल्या मेलोडियन्स या त्रिकुटातल्या ब्रेंट डोव आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी त्याचं गाणं केलं. ते रास्ताफारी परंपरेतलं. त्यांच्या लेखी बॅबिलॉन म्हणजे काळ्या माणसाला गुलाम करून आणणारी पाश्चात्त्य सत्ता आणि देव म्हणजे इथिओपियाचा सम्राट हायले सेलासी. फारियननं सम्राटाला अलगद काढून ठेवलं, त्या जागी सर्वांना चालेल असा परमेश्वर बसवला आणि ताल वाढवला.

१९७८ मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. उतरायला लागलं, तेव्हा रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून मागच्या बाजूचं 'ब्राऊन गर्ल इन द रिंग' वाजवायला सुरुवात केली. हे कॅरिबियन पोरांचं फेर धरून म्हणायचं खेळगाणं. तीच रेकॉर्ड पुन्हा वर चढून दुसऱ्या क्रमांकावर गेली. एका बाजूला वनवासातला आक्रोश, दुसऱ्या बाजूला अंगणातला खेळ, तिकीट एकच. विशेष म्हणजे बॅबिलॉनला शिव्या घालणारं गाणं खुद्द बॅबिलॉनमध्येच सर्वाधिक खपलं. जेत्यांनी 'गाऊन दाखवा' म्हटलं आणि यांनी खरोखरच गाऊन दाखवलं, वर नाचूनही दाखवलं. अमेरिकेत मात्र ते तिसाव्या क्रमांकाच्या पुढे सरकलं नाही. डिस्कोची मूळ पेठ तीच. तिथल्यांना जर्मनीतून परत आलेला माल नको असेल.

आता जरा रेकॉर्डच्या मधोमधचा तो गोल कागद पाहा. सगळी मेख तिथे आहे. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'च्या पहिल्या प्रतींवर गीतकार-संगीतकार म्हणून नावं होती फारियन आणि रेयाम. हे रेयाम कोण? फारियनचे सहकारी हान्स-यॉर्ग मायर. आडनाव उलटं वाचा, उलगडा होईल. डोव आणि मॅकनॉटन यांचा पत्ताच नाही. बॅबिलॉनच्या नदीकाठी ज्यूंना बसवलं जर्मनांनी, असं त्या कागदाचं म्हणणं होतं. जर्मनीच्या इतिहासात हे वाक्य फारच जड जातं. पण कागद निर्लज्ज असतो. पुढे वाद झाला, तडजोड झाली आणि नंतरच्या प्रतींवर त्या दोघांची नावं आली. फारियन-रेयामही कायम राहिले. परमेश्वराचं नाव कुठेच नाही. त्याची कॉपीराइट सोसायटी नसावी.

'मेरीज बॉय चाइल्ड'ची तऱ्हा जरा सोज्वळ. ते जेस्टर हेअरस्टनचं, हॅरी बेलाफाँटेनं पन्नासच्या दशकातच घरोघरी पोचवलेलं. त्यामुळे लपवायची सोय नव्हती. मग फारियननं त्याला 'ओ माय लॉर्ड' अशी स्वतःची शेपटी जोडली. शेपटी आली की गीतकारांच्या रांगेत उभं राहता येतं. १९७८च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक पुन्हा बोनी एमचाच. आजही डिसेंबर लागला की वसई, वांद्रे, मडगावात ते वाजतं आणि शेपटीसकट वाजतं.

याच्या अगदी उलट किस्सा त्यांच्या पहिल्याच रेकॉर्डवर आहे. 'नो वुमन नो क्राय' बॉब मार्लीचं म्हणून सगळं जग ओळखतं, पण कागदावर नाव आहे व्हिन्सेंट फोर्ड यांचं. हे मार्लींचे मित्र, किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन वस्तीत गोरगरिबांसाठी अन्नछत्र चालवायचे. गाणं फोर्ड यांनी किती लिहिलं यावर लोक वाद घालतात, पण रॉयल्टी त्यांच्याकडे गेली आणि छत्राची चूल पेटती राहिली. म्हणजे एकाच बँडच्या रेकॉर्डांत दोन स्वभाव. एक गाणारा आपल्या गाण्यावर आचाऱ्याचं नाव घालतो आणि एक आचारी दुसऱ्याच्या गाण्यावर आपलं. फारियननं ते गाणं गाऊन घेतलं तेव्हा फोर्ड यांच्या पातेल्यात चार दाणे पडले असतील. तेवढं पुण्य त्याच्या खात्यात जमा धरू.

डिसेंबर १९७८ मध्ये हा संच मॉस्कोला गेला. सोव्हिएत सरकारनं बोलावलं होतं. तिकिटांसाठी झुंबड, लाल चौकात फोटो, सगळं झालं. फक्त एक अट. 'रासपुतिन' गायचं नाही. रासपुतिन हा बाबा झारच्या राणीचा प्रियकर होता, असं म्हणणारं गाणं साम्यवाद्यांना का झोंबावं? झारला गोळ्या घातल्या यांनीच. तरी ते गाणं असलेल्या रेकॉर्डची जी रशियन आवृत्ती निघाली तिच्यातूनही ते एक गाणं गायब. माझा अंदाज असा की सरकार कोणत्याही रंगाचं असो, खुर्चीजवळच्या बाबाबुवांवर गाणं झालेलं त्याला आवडत नाही. आपण यावर अधिक न बोललेलं बरं.

इथवर वाचून ज्यांना जर्मनांची कीव येत असेल त्यांनी आता मुंबईकडे वळावं. फारियनचं आणखी एक दुकान होतं, इरप्शन नावाचा बँड. त्यांनी 'वन वे तिकीट' गाजवलं. अर्थात कव्हर, नील सेडाकानं वीस वर्षं आधी गायलेलं. १९८० मध्ये 'प्यारा दुश्मन' आला, त्यात भायखळ्यात वाढलेल्या उषा उथुप यांनी 'हरी ओम हरी' म्हटलं आणि जर्मनीहून सुटलेलं ते एकेरी तिकीट मुंबईत येऊन पोचलं. शब्द नवे, देव आपला, चाल त्यांची, नाव बप्पी लाहिरींचं. फारियननं देव बदलून गाणं चालवलं होतं. बप्पीदांनीही देवच बदलला. गुरुमंत्र बिनचूक पोचला होता म्हणायचा.

आणि हेच बप्पीदा २००२ मध्ये वादी झाले! अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' धुमाकूळ घालत होतं. त्यात त्यांच्या 'थोडा रेशम लगता है'चा लांबलचक तुकडा, तोही लताबाईंच्या जशाच्या तशा आवाजात, न विचारता घेतलेला. प्रकरण कोर्टात गेलं. लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं सांगितलं, लाहिरींचं नाव छापा, त्याशिवाय विक्री बंद. दावा शंभर टक्के रास्त होता. 'वन वे तिकीट'वाल्यांनी ही बातमी वाचली का, एवढंच कुतूहल उरतं.

कव्हरच्या धंद्यात आपण तसे मागे कधीच नव्हतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात एक पळवाट होती. ठरावीक काळ गेला की रॉयल्टी भरून जुनं गाणं नव्या गळ्यातून रेकॉर्ड करता यायचं. त्या पळवाटेवर ऐंशीच्या दशकात कॅसेटचं साम्राज्य उभं राहिलं. टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटांतून रफी, किशोर, मुकेश यांची गाणी तिसऱ्याच कुणाच्या आवाजात एसटी स्टँडवर मिळू लागली. गिऱ्हाईक घरी जाऊन लावायचं, पहिली ओळ झाली की चेहरा पडायचा. पण कॅसेट परत करायला कुणी जात नव्हतं. गाणं तर तेच होतं! २०१२ मध्ये कायदा आवळला. आता मूळ गाणं निघाल्यापासून निदान पाच वर्षं थांबा, पैसे आगाऊ भरा आणि वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा फोटो टाकून गिऱ्हाइकाला चकवू नका. सरकारला हे सुचेपर्यंत कॅसेटच संपली होती, हा भाग वेगळा.

ज्या प्रकरणात फारियनची खरी शोभा झाली, ते बोनी एमचं नव्हे. १९८८ मध्ये त्यानं तोच प्रयोग पुन्हा लावला, नाव मिली व्हॅनिली. रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्व्हन, दोन देखणे, लांब केसांचे तरुण. आवाज ब्रॅड हॉवेल, जॉन डेव्हिस, चार्ल्स शॉ या स्टुडिओतल्या गायकांचे. पहिलं गाजलेलं गाणं, सांगायला नकोच, कव्हर. एका जाहीर कार्यक्रमात कनेटिकटमध्ये ध्वनिमुद्रण अडकलं आणि गाण्याचे तेच चार शब्द पुन्हा पुन्हा वाजू लागले. पोरांनी थोडा वेळ ओठ जुळवायचा प्रयत्न केला, मग रॉब मंच सोडून पळाला. प्रेक्षक? नाचत राहिले.

म्हणजे तोवरही कुणाची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती फेब्रुवारी १९९० मध्ये ग्रॅमी मिळाल्यावर. पोरांना आता स्वतः गायचं होतं. ही मागणी फारियनला साहजिकच आगाऊपणाची वाटली. नोव्हेंबरात त्यानं दोघांना काढलं आणि पत्रकारांना सांगून टाकलं की हे कधी गायलेच नव्हते. ग्रॅमी परत घेतलं गेलं. ज्यांनी रेकॉर्डी विकत घेतल्या होत्या त्यांना थोडे पैसे परत द्यायचा तोडगा कोर्टात निघाला. दोन पोरं जगभर हास्यास्पद ठरली. रॉब १९९८ मध्ये गेला, ऐन तिशीत. फारियन मात्र धंद्यातच राहिला. चेहरे बदनाम झाले, आवाज अडगळीत गेले, कारखान्याच्या मालकाला टाचणी लागली नाही.

अमेरिकेचा तो संताप आपल्याला कळणंच कठीण. एकानं गायचं आणि दुसऱ्यानं ओठ हलवायचे, यात फसवणूक कसली? त्याला आपण सिनेमा म्हणतो. मात्र आपल्याकडेही हा प्रश्न एकदा उपस्थित झाला होता आणि तो उपस्थित करणारी बाई मराठी होती. १९४९च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं कामिनी. कामिनी म्हणजे मधुबालानं केलेलं पात्र. गायिका, जी अस्तित्वातच नाही! गाणं रेडिओवर गेलं, श्रोत्यांनी विचारून विचारून भंडावलं, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. हा फारियनचाच नमुना, त्याच्या आधी पंचवीस वर्षं. फरक पडला तो पुढे. शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर मिळालं, त्यांनी लताबाईंना सोहळ्यात गायला बोलावलं. बाईंनी विचारलं, गायकाला तुमच्याकडे बक्षीस आहे का? नाही ना? मग वाजवा गाणं शब्दांशिवाय. १९५९ मध्ये पार्श्वगायनाचं पहिलं फिल्मफेअर निघालं आणि ते 'मधुमती'साठी लताबाईंनाच गेलं. ग्रॅमीनं जी गोष्ट अपराध म्हणून परत घेतली, तिच्यासाठी आपण एकतीस वर्षं आधीच वेगळी बाहुली घडवून ठेवली होती. रॉयल्टीवरून बाई पुढे रफीसाहेबांशीही भांडल्या, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. तेव्हा लोकांना तो हट्टीपणा वाटला. मिली व्हॅनिलीच्या पडद्यामागचे ते तीन गायक मुंबईत असते, तर त्यांना निदान श्रेयनामावलीत जागा आणि निवडणुकीच्या तोंडावर एखादा पुरस्कार तरी मिळाला असता.

बोनी एमचं पुढे काय झालं? जे होतं तेच. बॉबीला १९८१ मध्ये काढलं, तीन वर्षांनी परत घेतलं. न गाणाऱ्या माणसाला काढल्यावर रेकॉर्ड तशीच वाजायला हवी होती, पण मंच सुना पडला. १९८६ मध्ये दहा वर्षांचा हिशोब करून फारियननं दुकान बंद केलं. त्यानंतर चौघांनी आपापला बोनी एम काढला. लिझचा एक, मार्शियाचा एक, मेझीचा एक, बॉबीचा एक. खरा कोणता यावर भांडणं, कज्जे. आपल्याकडे पक्ष फुटला की निदान निवडणूक आयोग तरी नाव आणि चिन्हाचा निकाल लावतो. डिस्कोला तेवढीही सोय नाही. विधिमंडळ गट मेझीकडे आणि मूळ संघटना लिझकडे, असं काहीसं चित्र युरोपभर दिसत राहिलं. पोस्टरवर 'बोनी एम' ठळक आणि खाली बारीक टायपात कोणता गट ते.

यात सर्वांत अवघड कामगिरी बॉबीवर येऊन पडली. स्वतःचा संच म्हटल्यावर माइक खरा, गाणं खरं. लोक तिकीट काढून यायचे त्यांना तोच रेकॉर्डवरचा खर्ज हवा, जो बॉबीचा कधी नव्हताच. मग हा गडी पंचवीस वर्षं गावोगाव फिरून फ्रँक फारियनच्या आवाजाची नक्कल करत राहिला आणि लोक म्हणायचे, वयोमानानं आवाज जरा उतरलाय. कव्हर गाणाऱ्या संचातला अस्सल कव्हर गायक शेवटी तोच ठरला. मला विचाराल तर त्या चौघांत सर्वांत कष्टाची भाकर त्यानंच खाल्ली. ३० डिसेंबर २०१० रोजी सेंट पीटर्सबर्गच्या हॉटेलात तो मृत्यू पावला; आदल्या संध्याकाळी कार्यक्रम झाला होता. रासपुतिन मारला गेला तोही ३० डिसेंबरला, याच शहरात, १९१६ साली. वर्तमानपत्रांना मथळा आयता मिळाला. बॉबीचं गाणं कुणाच्या आवाजात होतं, ही माहिती बहुतेकांनी मृत्युलेखाच्या खालच्या परिच्छेदात ढकलली.

२०२१ मध्ये मॅजेस्टिक नावाच्या इंग्लिश डीजेनं 'रासपुतिन'ला नवा ठोका दिला आणि ते टिकटॉकवर पेटलं. लाखो पोरं फारियनच्या खर्जावर हातपाय फेकू लागली, ओठ हलवू लागली. आपल्याकडे टिकटॉकवर आदल्याच वर्षी बंदी आली होती, त्यामुळे आपली पोरं रील्सवर नाचली. ग्रॅमी कुणालाच मिळणार नव्हतं, म्हणून परत मागायचाही प्रश्न आला नाही. फारियन जानेवारी २०२४ मध्ये मायामीत वारला, वय ८२. त्या रिमिक्सच्या पाटीवर दोन नावं आहेत, मॅजेस्टिक आणि बोनी एम. खर्जातल्या त्या आवाजाच्या मालकाचं नाव पाटीवर नाही.